जवळ्याचं लोणी

लोणी घरी करायचं तर ते धुणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. साय विरजून घुसळली, गोळा वर तरंगला, की लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. गोळ्याच्या पोटात ताक अडकून राहतं आणि तेच दोन दिवसांत आंबतं. बर्फाच्या पाण्यात गोळा दाबायचा, दुमडायचा, पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी घ्यायचं. पाण्यातून पातेल्याचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत. मग मीठ, आणि मग जे काय घालायचं ते: सालीसकट भाजून चेचलेला लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबाची किसलेली साल. कधी गूळ आणि वेलची. बटर पेपरवर लांबट गोळा ठेवून सुरळी करायची, दोन्ही टोकं पिळायची, फ्रीजमध्ये टाकायची. गरम पावावर, मक्याच्या कणसावर, तव्यावरच्या सुरमईवर त्याची एक चकती ठेवली की ती सावकाश खाली बसते.

हे मी इतकं तपशिलात सांगतोय, कारण पुढचं सांगायला मला वेळ लागणार आहे. मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्या पोटातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली काढण्यासारखं. ती बादली आज मी स्वतः ओढतोय.

तारापूरला एका रसायनांच्या कारखान्यात मी सोळा वर्षं रिअ‍ॅक्टरवर होतो. एका दुपारी झाकणाच्या कडेनं वायू सुटला. मी वाचलो. फुप्फुसं निम्मी कामाची राहिली, आणि नाक गेलं. नाक गेलं म्हणजे वास गेला. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. नाही आला. तुम्ही माझ्यासमोर रॉकेलचा डबा उघडा नाहीतर मोगऱ्याचा गजरा धरा, मला सारखंच.

मी अतिदक्षता विभागात होतो तेव्हा आईनं बाहेरच्या बाकावर बसून देवीला नवस केला. पोरगा उठून बसला तर मासळीला पुन्हा तोंड लावणार नाय.

बाहेरच्या माणसाला याचं वजन कळणार नाही. आई सातपाटीची. तिचा बाप होडीवर, भाऊ होडीवर, आणि ती बत्तीस वर्षं पालघरच्या बाजारात पाटी घेऊन बसलेली. पापलेट बर्फात किती दिवस होतं हे ती कल्ला न उघडता सांगायची. पाटीवरून वाकून एक श्वास घ्यायची, बस. आमच्या घरात डाळ ही आजारी माणसाची गोष्ट होती. अशा बाईनं मासे सोडले. नातेवाइकांच्या लग्नात तिच्यासाठी वेगळी डाळ शिजायची आणि ती वाटी वाढणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायचा. मामा तर दर वेळी म्हणायचा, "तुज्यासाठी तिनं दर्या सोडला रे."

ती स्वतः कधी म्हणाली नाही. हे लिहायला हवं, नाहीतर मी तिच्यावर अन्याय करीन. ती फक्त माझ्यासाठी मासे करायची. बोंबील तळायची, काटा काढून माझ्या ताटात ठेवायची आणि समोर बसून मी खाताना बघायची. मला वास नाही म्हणजे चव चार आणे. तोंडात मीठ, तिखट आणि काहीतरी मऊ. तिला वास येत होता आणि ती खात नव्हती. मी खात होतो आणि मला कळत नव्हतं काय खातोय. बारा वर्षं ती अशी समोर बसली, आणि बारा वर्षांत मला त्या बघण्याचा राग यायला लागला. वाचवलेल्या माणसाला वाचवणाऱ्याचा राग येतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

नोकरी सुटल्यावर दोनेक वर्षं मी घरी नुसता बसून काढली. बायको कोळगावच्या कार्यालयात नोकरीला, बोईसरहून पालघर, तिथून रिक्षा. घरात मी आणि आई. लोण्याचं आईमुळेच सुरू झालं. ती वाणगावच्या एका ओळखीच्या बाईकडून म्हशीचं दूध घ्यायची, साय साठवायची, आणि एकदा गंमत म्हणून मी तिच्या लोण्यात लसूण-मिरची कालवली. बायकोनं डब्यात नेलं. ऑफिसातल्या बायकांनी मागितलं. मग वसाहतीतल्या. हळूहळू आठवड्याला वीस-पंचवीस सुरळ्या जायला लागल्या.

मी जन्मभर दुसऱ्याच्या मिश्रणाची बॅच चालवलेला माणूस. वजन, तापमान, वेळ, सगळं मला जमायचं. जमत नव्हता तो वास, आणि लोण्याचं काम वासाशिवाय होत नाही. लसूण कच्चा राहिला की उग्र होतो, साय जुनी असली की खवट वास मारते, फ्रीजमध्ये शेजारी फणस ठेवला की लोणी फणसाचं होतं. तिथं आई बसायची. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचं स्टूल होतं. मी चमच्यावर लोणी द्यायचो, ती नाकाशी धरायची, मग नखाएवढं जिभेवर. "जाऊ दे," म्हणाली की सुरळी बांधायची. "ठेव," म्हणाली की ते लोणी कढवून घरच्या तुपात. बायको हसायची. "तुमच्या कारखान्यात माल पास करणारे क्यूसीचे साहेब असायचे ना, तसं आमच्याकडे आई." आईला क्यूसी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ती बिल्डिंगमध्ये सांगत फिरायची, "मी घरात क्यूसी हाय."

मग तापाची साथ आली. आम्ही तिघंही आडवे झालो. बायकोचा वास गेला, दोन आठवड्यांनी आला. आईला विचारलं तर म्हणाली, "माजा कशाला जातोय? मासळीवालीचं नाक हाय." आम्ही हसलो.

पहिली शंका मला खिडकीवरून यायला हवी होती. आमच्या भागात वारा फिरला की कारखान्यांचा वास घरात घुसतो. आधी आई सगळ्या बिल्डिंगच्या आधी उठून खिडक्या लावायची. "सडकी अंडी आली," नाहीतर "आज औषधाचा वास," असं सांगायची. त्या वर्षी संध्याकाळी समोरच्या बाया नाकाला पदर लावून खिडक्या लावत आणि आमची उघडीच राहायची. मला वास नाही, मला कसं कळणार? पण मला समोरच्या खिडक्या दिसत होत्या. मी बघून सोडून दिलं.

मग एका शिक्षिकेचा फोन आला. तिच्याकडे मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे होते, तिनं लसणाच्या सहा सुरळ्या नेल्या होत्या. "भाऊ, रागावू नका, पण लोणी खवट होतं. मुलाकडच्यांनी पाव बाजूला ठेवले. मला मान वर करता आली नाही." त्या सहाही सुरळ्यांना आईनं "जाऊ दे" म्हटलं होतं.

मी फोन ठेवला आणि आईकडे बघितलं. ती टीव्ही बघत लसूण सोलत होती. साधी गोष्ट होती, विचारायचं. आई, तुझा वास गेलाय का? एवढंच. ती रडली असती किंवा भांडली असती, आणि आम्ही दुसरी काही सोय लावली असती. बायको सकाळी जाताना हुंगून गेली असती.

मी विचारलं नाही. माझ्या मनात दुसरंच आलं, आणि ते आल्याबरोबर मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं.

जवळा आमच्या घरात असायचाच. जवळा म्हणजे अगदी बारीक कोलंबी, उन्हात वाळवलेली, मुठीत शंभर मावतात. तो भाजला की वास जिन्यातून खाली रस्त्यापर्यंत जातो. म्हणून आई तो घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅलरीत ठेवायची, आणि माझ्यासाठी चटणी करायची तेव्हा आधी शेजाऱ्यांना सांगून यायची.

चार दिवसांनी, दुपारी, मी बरणी आत आणली. आई बाहेरच्या खोलीत, मधलं दार उघडं, सात-आठ पावलांवर. कोथिंबीर निवडत होती. मी तव्यावर जवळा टाकला आणि मंद आचेवर भाजायला लागलो. धूर झाला, माझे डोळे चुरचुरले. मी तिच्याकडे बघत होतो. ती काडी-काडी निवडत होती आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती.

मला जे कळायचं होतं ते तिथंच कळलं. परीक्षा तव्यावरच संपली होती. पुढचं काहीही करायची गरज नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण बायकोला मी नंतर सांगितलं की मला फक्त खात्री करायची होती. ते खोटं आहे. खात्री झाली होती.

मी जवळा मिक्सरला लावला, दोनदा चाळला. लोण्यात कालवला, वर लसूण, दुप्पट मिरची, भरपूर कोथिंबीर. रंग हिरवा झाला. पाव तव्यावर शेकला, त्यावर ते लोणी जाड लावलं आणि बशीत घालून तिच्या हातात दिलं.

"नवीन बॅच आहे. चाखून सांग."

तिनं पाव नाकाशी नेला. डोळे मिटले. मोठा श्वास घेतला, पाटीवर वाकून घ्यायची तसा, आणि थोडा वेळ तशीच थांबली. किती छान नाटक करत होती ती.

"लसूण थोडा कमी हाय," ती म्हणाली.

"खाऊन बघ ना."

तिनं घास घेतला. चावला. एक क्षण चावायची थांबली, मग पुन्हा चावला आणि गिळला. "मिरची जादा पडली. बाकी बरा हाय."

"आणखी एक देतो."

"दे."

मी दुसरा पाव शेकून दिला. बारा वर्षांत तिच्या तोंडात दर्याचं काही गेलं नव्हतं आणि मी समोर स्टुलावर बसून तिला खाताना बघत होतो, जशी ती मला बघायची. पहिला पाव संपला. दुसरा निम्मा झाला.

दारात किल्ली वाजली. बायको त्या दिवशी दुपारच्याच गाडीनं आली होती. पर्स खांद्यावरून न काढताच म्हणाली, "जवळा भाजलात? अहो, खिडक्या तरी उघडायच्या. खालच्या गेटपासून वास येतोय."

आईच्या हातात अर्धा पाव होता. ती म्हणाली, "हां, मला पण येतोय मगाचपासून. खालच्यांकडं भाजत असतील."

"खालच्यांकडे महिनाभर कुलूप आहे," मी म्हणालो.

"मंग वरच्यांकडं."

"नीट बघ ना आई. तुझं नाक आहे. कुठून येतोय ते सांग."

बायको माझ्याकडे बघायला लागली. तिला अजून काही कळलं नव्हतं, फक्त माझ्या आवाजातलं काहीतरी कळलं असावं. आई उठली. हातातला पाव तसाच. खिडकीपाशी गेली, हुंगली. गॅलरीच्या दारापाशी गेली. आतल्या खोलीत जाऊन आली. सत्तर वर्षांची बाई, गुडघे धरून चालणारी, तीन खोल्या फिरली आणि मी तिला फिरू दिलं. स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा तवा ओट्यावरच होता, पण मी तो पुसून ठेवला होता.

"हितूनच कुठून तरी," ती म्हणाली.

"आई, तुझ्या हातात आहे."

तिनं पावाकडे बघितलं. बायको खुर्चीत बसली. "काय केलंत तुम्ही हे," एवढंच म्हणाली, हळू.

आईनं पाव फेकला नाही. बशीत ठेवला, बशी ओट्यावर ठेवली, पदराला बोटं पुसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुजी छाती कशी हाय?"

"ठीक आहे."

"दुखत नाय ना?"

"नाही."

"बस मंग. उभा राहू नको."

त्या दिवसानंतर आई चमचा नाकाशी धरायला आली नाही. स्टूल तिनं स्वतः उचलून गॅलरीत ठेवलं. नाकाबद्दल आम्ही कुणी एक शब्द काढला नाही. ती बोलायची ते फक्त माझ्या छातीबद्दल. जिना चढलास का, किती पावलं चाललास, धाप लागली का. मी खोकलो की हातातलं काम थांबायचं. पावसाळ्यात माझा खोकला दर वर्षी वाढतो, त्या वर्षीही वाढला. डॉक्टर म्हणाले, ओल आहे, जुने व्रण आहेत, नवीन काही नाही. आईला ते सांगून उपयोग नव्हता. तिनं आपलं कारण धरलं होतं.

बायको म्हणाली, "त्यांना सांगा, लोण्यात जवळा नव्हता. तुम्ही चिडवत होतात. मी पण म्हणेन, मला चुकून वास आला. एवढं एक खोटं बोला."

मी बोललो नाही. बायकोला वाटलं, मला खोटं बोलवत नाही. तसं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. बारा वर्षं मी तिच्या नवसावर जगलो होतो. आता ती माझ्या खोकल्यावर जगत होती. एकदोनदा ती समोर असताना मी गरज नसताना खोकलो. एकदोनदा म्हणतोय, पण जास्त वेळा असेल.

दिवाळीनंतर ती सातपाटीला मामाकडे राहायला गेली. "हितली हवा मला मानवत नाय," म्हणाली. तीस वर्षं मानवलेली हवा. पिशवी बायकोनं भरली. मी रिक्षापर्यंत गेलो. तिनं मला पिशवी उचलू दिली नाही, छातीला ओझं नको म्हणून.

लोणी चालू आहे. बायको सकाळी ऑफिसला जायच्या आधी हुंगून जाते. "जाऊ दे" असं ती म्हणत नाही, नुसती मान हलवते.

मी सातपाटीला जायचो, महिन्या-दोन महिन्यांनी. बसायचो, चहा घ्यायचो, यायचो. ह्या वर्षी होळीनंतर गेलो तेव्हा ठरवून गेलो होतो. मामाच्या ओटीवर आई एकटीच होती, पुढ्यात सूप, सुपात सुके बोंबील, मामी बाजारात नेणार होती ते. ती हातानं चाचपून ओले राहिलेले बाजूला काढत होती. मी शेजारी बसलो.

"आई, त्या दिवशीचं," मी म्हणालो, "त्या लोण्याचं. माझं चुकलं."

ती बोंबील चाचपत राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"पयल्या घासालाच कळलं मला," ती म्हणाली.

"काय?"

"जवळा. बत्तीस वर्सं विकलाय. नाक मेलं, जीभ नाय मेली. चाळलास तू, पन कणी राहतेच. दाताखाली आली."

ती चावायची थांबली होती तो क्षण मी बघितला होता. बघून मला काही वाटलं नव्हतं.

"मग थुंकली का नाहीस?"

"थुंकलं असतं तर तू इचारलं असतंस, वास कसा नाय आला." तिनं एक बोंबील बाजूला ठेवला. "मंग मला त्या घरात काम काय होतं? तुमी दोगं आपल्या कामाचे. मी नुसती बसून खाणारी. म्हटलं, एक घास हाय, गिळते, देवीला नंतर समजावीन. मंग तू दुसरा दिलास. तो पण खाल्ला. तू नाय मोडलास नवस. मी मोडला, समजून-उमजून. माज्या जागेसाठी."

मी म्हणालो, "आई, छातीचा त्याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टर सांगतात, जुने व्रण आहेत. तू खाल्लंस म्हणून काही झालेलं नाही. नवसाचं काही नसतं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मंग वाचलास कसा?"

उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. ऑक्सिजन होता, डॉक्टर होते, वाऱ्याची दिशा होती, हे म्हणालो असतो तर तिची बारा वर्षं मी सुपातून उडवून दिली असती. गप्प राहिलो तर माझा खोकला तिच्या माथ्यावर राहणार होता. तिला दोन्हीतून सोडवणारं वाक्य मी शोधत होतो आणि ते मला सापडत नव्हतं. गप्प राहणं मला जन्मापासून येतं.

ओटीवर वारा होता, सुक्या मासळीची भुकटी उडत होती. माझा घसा खवखवला. मी दाबून धरलं, तोंड फिरवलं, पाणी पिऊन येतो म्हणून उठायला लागलो.

"दाबू नको," ती म्हणाली. "खोक."

मी खोकलो. थांबता आलं नाही, बराच वेळ चाललं. सुपावरचा तिचा हात तिथंच थांबलेला होता. खोकला संपला तेव्हा तिनं थोडा वेळ वाट बघितली, आणखी येतोय का म्हणून.

"आदीपेक्षा खोल गेलाय," ती म्हणाली, आणि पुन्हा बोंबील चाचपायला लागली.